रिठ्याचा फेस आणि दृष्टीचें रंगद्रव्य

भोकरदनसारख्या बाजाराच्या गावीं वाण्याकडे रिठा मागितला तर तो कशासाठीं हें कोणी विचारीत नाहीं. सोनार दागिना उजळण्यासाठीं नेतो. घरधनीण पैठणी किंवा लोकरीची शाल धुण्यासाठीं. धुण्याच्या सोड्यानें सुती धोतर स्वच्छ निघतें, पण रेशमाची झळाळी जाते. रेशीम हें प्रथिन आहे, त्याला तीव्र क्षार सोसत नाहींत. रिठ्यांतील सॅपोनिन मळ सोडवितें आणि धाग्याला धक्का लावीत नाहीं.

जीवरसायनाच्या प्रयोगशाळेंत हाच पेंच पडतो. प्रत्येक पेशीभोवतीं स्निग्ध द्रव्याचें अतिशय पातळ पटल असतें आणि त्यांत कांहीं प्रथिनें रुतून बसलेलीं असतात. बाहेरची वर्दी आंत पोंचविणें हें त्यांचें काम. त्यांचें अंग तेलकट असल्यामुळें तीं पाण्यांत उतरविण्यास साबणासारखें कांहीं तरी लागतें. पण कडक साबणानें त्यांची घडीच मोडते. प्रथिन हातीं येतें, तें निकामी होऊन.

डोळ्यांतील ऱ्होडॉप्सिन हें असेंच एक जांभळट प्रथिन. अंधुक उजेडांत दिसतें तें त्याच्यामुळें. त्याला 'अ' जीवनसत्त्वापासून झालेला एक अंश जोडलेला असतो. म्हणून तें जीवनसत्त्व कमी पडलें कीं रातांधळेपणा येतो. हायडेलबर्गच्या विली क्यूने यांनीं १८७० नंतरच्या दशकांत हें रंगद्रव्य पित्तांतील क्षारांनीं विरघळविलें. १९३० नंतर डिजिटोनिन प्रचारांत आलें. तें डिजिटॅलिस वनस्पतीच्या बियांतून काढतात, आणि मौज अशी कीं तेंही सॅपोनिनच! त्याच्या रेणूवर विद्युद्भार नसतो. तेलकट बाजूनें तो प्रथिनाला बिलगतो, शर्करेची बाजू पाण्याकडे ठेवितो. या द्रावणांतही उजेड पडतांच रंग उडतो, म्हणजे प्रथिन आपलें काम विसरलेलें नसतें. अमेरिकेच्या जॉर्ज वॉल्ड यांनीं डिजिटोनिनच्या द्रावणांतच त्याचा कसून अभ्यास केला. दृष्टीविषयींच्या संशोधनासाठीं १९६७ सालच्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. २००० सालीं गाईच्या ऱ्होडॉप्सिनची संपूर्ण घडण उकलली, तेव्हांही स्फटिक मिळविण्यास शर्करेचें शीर असलेलें, विद्युद्भाररहित असेंच एक द्रव्य उपयोगी पडलें.

मात्र प्रमाण संभाळावें लागतें. कमी घातल्यास प्रथिन पटलांतून सुटत नाहीं. फार घातल्यास त्याला आधार देणारी स्निग्धताही धुवून जाते. शिवाय प्रथिनाशीं सौम्य असलेलीं सॅपोनिनें पटलाशीं सौम्य नसतात. डिजिटोनिन त्यांतील कोलेस्टेरॉलशीं जखडून भगदाड पाडतें. रक्तांत मिसळल्यास तांबड्या पेशी फुटतात. न्हातांना रिठ्याचें पाणी डोळ्यांत गेलें कीं मुलें आकांत करितात, तो उगीच नव्हे.