हॉटेलात बसून चहा पिण्याची गोष्ट

(पदवी घेऊन नुकत्याच नोकरीला लागलेल्या तरुण-तरुणींच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय ऐकून काहींना हसू आलं असेल. आरक्षण, शिष्यवृत्ती, खासगीकरण असे विषय पडलेले असताना ही बाई हॉटेलात खाण्यावर काय बोलणार? पण इथे बसलेल्या बऱ्याच जणांना पहिला पगार होऊन वर्षही झालेलं नाही. त्या पगारातून तुम्ही घरी पैसे पाठवलेत, शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता भरलात आणि उरलेल्यातून मित्रांबरोबर कुठेतरी खायला गेलात. खुर्चीवर बसून, मेनूकार्ड हातात घेऊन, हवं ते मागवणारी ही आपल्या अनेकांच्या घराण्यातली पहिली पिढी आहे. म्हणून हा विषय मला किरकोळ वाटत नाही.

संविधानकारांनाही तो किरकोळ वाटला नव्हता. कलम १५ चं दुसरं उपकलम घरी गेल्यावर वाचा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्यावरून कोणालाही कुठे अडवायचं नाही, याची तिथे यादीच आहे. दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं आणि करमणुकीची ठिकाणं आधी येतात; विहिरी, तलाव आणि रस्ते त्यांच्यानंतर. १९५५ चा अस्पृश्यताविरोधी कायदा, ज्याला आज आपण नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतो, तो आणखी पुढे जातो. हॉटेलात सर्वांसाठी ठेवलेली भांडी अस्पृश्यतेच्या कारणाने वापरू न देणं हाही त्यात गुन्हा आहे. देशाच्या कायद्यात भांडी का लिहावी लागली, हे आपापल्या आजीला विचारा.

आमचं गाव लातूर जिल्ह्यातलं. एस.टी. थांब्याजवळ चहाचं एक हॉटेल होतं. वडिलांच्या तरुणपणी आमच्या वस्तीच्या कपबशा हॉटेलाच्या आत नसायच्या. बाहेर वळचणीला खोचलेल्या असायच्या. आपली कपबशी आपण काढायची, चहा वरून ओतला जायचा, उकिडवं बसून तो प्यायचा, कपबशी विसळायची आणि परत खोचून ठेवायची. पैसे मात्र सगळ्यांना सारखेच. ही काही एका गावाची रीत नव्हती. गुजरातेत अशा वेगळ्या भांड्याला रामपात्र म्हणतात, तमिळनाडूत दोन पेल्यांची पद्धत म्हणतात. २००६ साली ‘अनटचेबिलिटी इन रूरल इंडिया’ हे पुस्तक आलं. त्यासाठी ११ राज्यांतल्या ५६५ गावांची पाहणी झाली होती. चहाच्या हॉटेलातली वेगळी भांडी आणि वेगळी बसण्याची जागा त्या पाहणीतही सापडली.

भांडण ओठांचं आहे, हे लक्षात घ्या. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणण्याच्या खात्यात पगार जास्त होता, पण तिथे आपल्या माणसांना घेत नसत. कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागायचा, आणि अस्पृश्याच्या तोंडचा धागा सवर्ण कामगारांना चालत नव्हता. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. संपात खांद्याला खांदा लावणारे कामगार धाग्याला ओठ लागू देत नव्हते, तर कपाला कुठून लागू देणार?

ओठांचा हा बंदोबस्त आपोआप सैल झाला नाही. तो मोडायला माणसं पुढे आली. कोल्हापूरचे गंगाराम कांबळे त्यातले एक. ते संस्थानच्या पागेत कामाला होते. सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली आणि गंगारामांनी भर रस्त्यावर ‘सत्यसुधारक’ नावाचं चहाचं हॉटेल काढलं. लोक तिथे चहा प्यायला येईनात. तेव्हा महाराज आपली गाडी त्या हॉटेलासमोर थांबवून चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि सोबतच्या मंडळींनाही पाजायचे. राजाने प्यायल्यावर दरबाऱ्यांना नाही कसं म्हणता येणार!

केरळात १९१७ मध्ये चेराई इथे सहोदरन अय्यप्पन यांनी वेगवेगळ्या जातींच्या लोकांना एकत्र जेवायला बसवलं. दक्षिणेतल्या रेल्वे स्टेशनांवरच्या उपाहारगृहांत ब्राह्मणांची बसायची जागा वेगळी असे. पेरियार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याविरुद्ध आवाज उठवल्यावर १९४१ मध्ये ती पद्धत बंद झाली. पुढे १९५७ मध्ये मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागात एका हॉटेलाच्या पाटीवरचा ‘ब्राह्मण’ हा शब्द काढावा म्हणून पेरियारांचे कार्यकर्ते कित्येक महिने निदर्शनं करत राहिले आणि अटक करून घेत राहिले. तुमच्यापुढे वेटर पाण्याचा ग्लास ठेवतो, तेव्हा या सगळ्या माणसांची मेहनत त्या ग्लासामागे असते.

आता आपल्या आवडत्या जागांबद्दल. मी शिकायला हैदराबादला गेले, तिथल्या इराणी हॉटेलांनी मला लळा लावला. चहाचा अर्क झाकण लावून मंद आचेवर, दूध वेगळं आटवलेलं, आणि दोन्हींची गाठ कपात. सोबत उस्मानिया बिस्कीट. एकाच टेबलावर रिक्षावाला, प्राध्यापक, बुरखा घातलेली आई आणि तिची तीन पोरं, आणि कोपऱ्यात मी. एक चहा घेऊन दोन तास वाचत बसलं तरी कोणी उठवलं नाही. तिथे कोणी मला आडनाव विचारलं नाही. पोरीला हॉटेलात एकटं बसता येतं, हे मला माझ्या गावात माहीत नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणातून आलेल्या लोकांनी मुंबई, पुणे, हैदराबादेत ही हॉटेलं काढली. सोवळ्या-ओवळ्याचे नियम त्यांच्या स्वयंपाकघरात आले नाहीत. ही जागा मला प्रिय झाली ती चहाइतकीच या निर्धास्तपणामुळे.

पण हिंदूचं हॉटेल नसलं की जात नसते, असा भोळा समजही नको. १९१७ मध्ये अमेरिका-इंग्लंडात शिकून बाबासाहेब बडोद्याला नोकरीला आले, तेव्हा राहायला जागा मिळेना. पारशी नावाने ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव खोलीपाशी आला आणि त्यांना बाहेर काढलं. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मध्ये त्यांनी स्वतः हे लिहून ठेवलं आहे. हल्लीच्या कॉफीच्या दुकानांत कपावर लिहायला नाव विचारतात. मी आडनावासकट पूर्ण नाव सांगते. काउंटरवरचा पोरगा गोंधळतो, पण लिहितो, आणि मग सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं ओरडतो. मला ते ऐकायला आवडतं.

दुसरी आवडती जागा इंडियन कॉफी हाऊस. कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाऊस बंद करायला घेतली, कामगार रस्त्यावर येणार होते. ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी संस्था काढल्या आणि १९५७ पासून कॉफी हाऊस स्वतः चालवायला घेतली. वेटरच्या डोक्यावर तुरेदार फेटा, कमरेला पट्टा. दिसायला साहेबाचा खानसामा, पण संस्थेत त्याचा भाग असतो. हॉटेल बघताना भिंतीचा रंग बघतो, तसं मालक कोण हेही बघावं, असं मी तिथे शिकले.

आता थीमवाल्या जागा. दोन सांगते, नावं घेत नाही. नोकरी लागल्यावर ऑफिसच्या टीमबरोबर पुण्याबाहेर हायवेवरच्या एका ‘गाव’ थीमच्या हॉटेलात गेले होते. दारात कुंकवाचा टिळा, पुरुषांना टोपी, आत बैलगाडी, आड, जातं, झोपाळा, ओसरी असलेला वाडा. बाजूला प्लास्टरचे पुतळे: कुंभार, लोहार, न्हावी, सुतार. गावकुसाबाहेरचं कोणी नव्हतं. गाव आमच्याशिवायच पूर्ण झालं होतं. सहकारी म्हणाले, ‘अगदी आजोळची आठवण आली.’ त्यांची आठवण खोटी नव्हती. पण अशा वाड्याच्या ओसरीवर माझी आजी जन्मात चढली नाही. ती मागच्या दाराने जायची, अंगण सारवायची, सरपण फोडायची, आणि भाकरी तिच्या पदरात वरून पडायची. मी त्या दिवशी झोपाळ्यावर बसले, पिठलं-भाकरी-ठेचा पोटभर खाल्ला आणि माझ्या वाट्याचं बिल भरलं. टीम लीडने सहज विचारलं, ‘तुमच्याकडे खास काय करतात?’ मी सांगितलं, चान्या. मांसाच्या पट्ट्या कापून उन्हात वाळवून ठेवायच्या आणि आखाड-श्रावणात हाताला काम नसलं की शिजवायच्या. टेबल गप्प झालं. मग एका मुलीने विचारलं, ‘किती दिवस टिकतात?’ आणि बोलणं पुढे सरकलं. हे पदार्थ वाचायचे असतील तर शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ वाचा. २०१५ चं पुस्तक आहे, आता इंग्रजीतही आलं आहे.

दुसरी जागा तुरुंगाच्या थीमची. टेबलाभोवती गज, वेटरला कैद्याचे पट्टेरी कपडे, हातात बेड्या घालून फोटो काढायची सोय. पोरं खिदळत होती. ज्यांच्या वस्तीत पोलीस रात्री-बेरात्री येतात, त्यांना हे कसं वाटेल, असा विचार ती थीम सुचवणाऱ्याच्या मनाला शिवला नसणार. आणि खऱ्या तुरुंगातलं जेवण? अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावलीत स्वयंपाकाचं काम वरच्या जातींच्या कैद्यांना आणि झाडलोट, संडास सफाई खालच्या जातींना, असं चक्क लिहिलेलं होतं. पत्रकार सुकन्या शांता यांनी ते उघडकीला आणलं, त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यायालयाने हे नियम घटनाबाह्य ठरवले. सर्वांना एकच ताट देणाऱ्या त्या मजेच्या तुरुंगापेक्षा खरा तुरुंग जास्त जातीचा होता.

थीम म्हटली की वाईटच, असं माझं म्हणणं नाही. आग्र्याला २०१४ पासून ‘शीरोज हँगआउट’ हा कॅफे ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या बाया चालवतात. तिथे भिंतीवरची गोष्ट आणि गल्ल्यावर बसलेली बाई एकच आहे. थीम म्हणजे कोणाची तरी आठवण, सजवून विकायला ठेवलेली. ती आठवण कोणाची आहे आणि तिचे पैसे कोणाला मिळतात, एवढं विचारलं की बरंच कळतं.

आता थोडं कामाचं. मेनूवरचा शब्द कळला नाही तर सरळ विचारा. ‘हे काय असतं?’ हे विचारायला इंग्रजी लागत नाही. काटा-चमचा जमत नसेल तर हाताने खा. सेवा शुल्क, म्हणजे सर्व्हिस चार्ज, परस्पर बिलात लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसे निर्देश दिले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते कायम केले. तो काढायला सांगा आणि द्यायचे तेवढे पैसे वेटरच्या हातात द्या. टेबल पुसणारा, भांडी घासणारा मुलगा कुठून आला, किती तास उभा आहे, तेही विचारा. बऱ्याचदा तो आपल्याच कोणाचा तरी भाऊ असतो.

आणि आई-वडिलांना घेऊन जा. ‘कशाला एवढे पैसे? घरी पोहे करते की,’ असं आई म्हणणारच. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा खाऊन झाल्यावर स्वतःची प्लेट उचलून धुवायला निघाली. मी म्हटलं, ‘आई, बस. ते काम इथे दुसऱ्याचं आहे, त्याला त्याचा पगार मिळतो.’ ती बसली, पण कप एका बाजूला सरकवून ठेवला. दुसऱ्या खेपेला तिने स्वतः वेटरला बोलावलं आणि चहात साखर कमी आहे म्हणून सांगितलं. ती तक्रार ऐकताना मला झालेला आनंद पदवीच्या दिवशी झाला नव्हता.

शेवटचं. आपली पोरं आता हॉटेलं, फूड ट्रक, घरपोच डबे असे धंदे काढताहेत. पाटीवर मात्र पुष्कळदा गावाचं नाव, देवाचं नाव किंवा इंग्रजी काहीतरी असतं. आडनाव दिसलं तर गिऱ्हाईक तुटेल, ही भीती खरी आहे, आणि तिला हसण्याचा हक्क आपल्याला नाही. पण गंगारामांना शाहू महाराज मिळाले म्हणून हॉटेल चाललं. आज राजे नाहीत, पगार घेणारे तुम्ही आहात. तुमच्या शहरात कोण काय करतं ते शोधा. ऑफिसच्या पार्टीची ऑर्डर त्यांना द्या, सहकाऱ्यांना तिथे घेऊन जा, एकाच टेबलावर बसून खा, आणि बिल भरताना घासाघीस करू नका.

जय भीम.