पाकिटातील भेट आणि आयकर
(मंडळाच्या वर्धापनदिनी करमाळा येथे दिलेले भाषण)



आजच्या मंगल दिवशी आयकरासारखा रुक्ष विषय घेऊन मी उभी आहे, याबद्दल आधीच क्षमा मागते. पण या विषयापायी माझ्या हातून एका सज्जन माणसाचा अपमान झाला. म्हणून बोलणे भाग आहे.

मी एका संस्थेत चोवीस वर्षे नोकरी केली. निवृत्तीच्या समारंभात शाल-श्रीफळ झाले आणि ‘प्रेमाची भेट’ म्हणून ५०,००० रुपये जाहीर झाले. हातात पडली ती रक्कम मात्र कमी. कर कापलेला! भेटीतून कोणी कर कापतो काय? मी हिशेबनीस भाऊंना चार माणसांत नको ते बोलले. ते बिचारे खाली मान घालून ऐकत राहिले. पुढे माझ्या भाचीने कायदा समजावून सांगितला, तेव्हा कळले की चूक माझीच होती.

नियम साधा आहे. नोकरी देणारा नोकरी करणाऱ्याला जी रोख रक्कम देतो, ती पगारातच धरतात. तिला बोनस म्हणा, दिवाळीची पोस्त म्हणा, बक्षीस म्हणा. नाव बदलल्याने हिशेब बदलत नाही. १९६१ च्या कायद्यात हेच होते आणि १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही हेच आहे. साडी, मिठाई अशा वस्तूंना थोडी सूट असते. जुन्या नियमांत ती वर्षाला ५,००० रुपयांच्या आत होती. रोख रकमेला ती सूट नाही.

उलट, सख्ख्या भावाने ओवाळणीच्या तबकात कितीही घातले, तरी त्यावर कर नाही. कारण तो नात्याने देतो, कामाबद्दल नव्हे. म्हणजे पाकिटावर काय लिहिले आहे हे पाहायचे नाही; कोणी दिले आणि कशासाठी दिले, हे पाहायचे.

आपल्या अंगणवाडीतल्या भगिनींचेच पाहा. २०२५ च्या दिवाळीत राज्य शासनाने सेविका व मदतनीस यांना प्रत्येकी २,००० रुपये ‘भाऊबीज भेट’ जाहीर केली. नाव भावाचे, पण रक्कम कामाशी बांधलेली. ती उत्पन्नाच्या हिशेबातच धरावी. म्हणून घाबरू मात्र नका. हिशेबात धरणे वेगळे आणि कर भरावा लागणे वेगळे. २०२५-२६ या वर्षासाठी नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही, आणि पगारासारखे करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सवलतीमुळे कर शून्य होतो. मात्र उत्पन्न ४ लाखांच्या वर गेले, तर कर शून्य असला तरी विवरणपत्र भरावे लागते.

आता कोणी विचारील, गरिबाच्या बोनसवरही कराची नजर कशाला? भगिनींनो, याची दुसरी बाजू पाहा. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या गिरण्यांनी बोनस देण्यास सुरुवात केली. पुढे तो नाकारला, तेव्हा १९२४ साली मोठा संप झाला. ही मालकाची मेहेरबानी की कामगाराचा हक्क, हा तो वाद. कामगार तेव्हा हरले. १९६५ च्या कायद्याने मात्र किमान बोनस हा हक्क ठरला. जी रक्कम पगारात मोजली जाते, ती दान नसते. ती आपल्या घामाची असते. हे उमगल्यावर माझा राग ओसरला.

त्या वर्षी मी विम्याचे हप्ते दाखवलेच नव्हते. भाचीच्या मदतीने मुदतीत विवरणपत्र भरले आणि जास्तीचा कापलेला कर बँकेत परत आला. रागावून घरी बसले असते, तर ते पैसे गेलेच असते.

म्हणून एवढेच सांगते. कर कापला गेला, तर कापणाऱ्यावर चिडू नका. त्याचे प्रमाणपत्र मागून घ्या, जपून ठेवा आणि विवरणपत्र भरा. ‘ह्यांना विचारते’ म्हणून कागद न वाचता सही करू नका.

पैसे परत आले त्या आठवड्यात मी त्या भाऊंच्या घरी जाऊन माफी मागितली. ते हसले आणि म्हणाले, “ताई, चहा घेऊन जा.” कर परत मिळाला, त्याहून तो चहा मला मोलाचा वाटला.