आधी नोंद, मग जपणूक



आपल्या सोलापूरच्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर आपण संत गोरोबाकाकांचं गाव म्हणून ओळखतो. दोन हजार वर्षांपूर्वी ते तगर या नावाने रोमपर्यंत माहीत असलेलं व्यापारी नगर होतं. पाऊस पडून गेला की तिथल्या पांढरीच्या टेकाडांवर मणी, नाणी, मातीच्या मूर्ती उघड्या पडत. गावच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू मिळवल्या आणि जपल्या. आज त्या तेरच्या शासकीय वस्तुसंग्रहालयात आहेत. संग्रहालयाला नावही त्यांचंच आहे.

तेरला मिळालेली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती जगभरच्या अभ्यासकांना माहीत आहे. उंचीने ती वीतभरही नाही. इटलीतलं पाँपेई शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, आणि १९३८ साली तिथल्या उत्खननात एक भारतीय हस्तिदंती मूर्ती निघाली. तिचं नातं कुठल्या प्रदेशाशी, हे शोधताना अभ्यासकांना तेरच्या आणि भोकरदनच्या मूर्ती जवळच्या वाटल्या. हे शक्य झालं, कारण ती स्त्रीमूर्ती तेरला मिळाली हे ठाऊक होतं. गावाचं नाव हरवलं असतं, तर ती बाजारातली एक जुनी बाहुली ठरली असती.

म्हणून माझं सांगणं असं, की वस्तूच्या आधी तिची माहिती नष्ट होते. वाळवी नंतर येते. आजी गेली की पेटीतला शालू कुणाच्या लग्नातला, फोटोत कडेला उभा असलेला फेटेवाला कोण, हे सांगणारं घरात कुणी उरत नाही. संग्रहालयात प्रत्येक वस्तूला क्रमांक असतो आणि नोंदवहीत त्या क्रमांकापुढे ती कुठून, कुणाकडून, केव्हा आली हे लिहिलेलं असतं. घरी दोनशे पानी वही पुरते. फोटोच्या मागे कडेला मऊ पेन्सिलीने, दाब न देता नावं लिहा. बॉलपेन नको. त्याचा वळ पुढच्या बाजूला उमटतो.

आता आपल्या हवेकडे येऊ. सोलापूरचा उन्हाळा चाळिशी सहज ओलांडतो, आणि जूनमध्ये हवा एकदम दमट होते. लाकूड, हस्तिदंत, कातडं ओल शोषून फुगतात आणि कोरड्या हवेत आकसतात. या ओढाताणीत त्यांना चिरा जातात. नुसत्या उष्णतेपेक्षा हा चढउतार घातक. आपल्या जुन्या माळवदाच्या घरांत जाड भिंतींमुळे आतल्या खोलीची हवा फारशी बदलत नसे. जुन्या वस्तूंची ट्रंक आपण आता स्लॅबखालच्या माळ्यावर टाकतो किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवतो. घरातल्या सगळ्यात वाईट जागी सगळ्यात जुनी वस्तू! तिला आतल्या खोलीत आणा, बाहेरच्या भिंतीपासून आणि जमिनीपासून थोडी दूर ठेवा. एवढ्याने निम्मं काम होतं.

कपड्यांबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण हे विणकरांचं शहर आहे. जुनी पैठणी उलगडून घडीच्या रेघेवर बोट ठेवून पाहा. तिथली जर तुटून आतला धागा दिसत असतो. वर्षानुवर्षं त्याच जागी घडी पडली, की रेशीम तिथेच फाटतं. पुठ्ठ्याच्या जाड नळीवर आधी धुतलेलं मलमल गुंडाळा, त्यावर पैठणी सैल गुंडाळा. तेवढी जागा नसेल तर दर दसऱ्याला घडीची जागा बदला. प्लास्टिकची पिशवी काढून टाका, तिच्यात ओल कोंडते. खळ धुऊन काढलेल्या सुती कापडात बांधा, कारण खळीला कसर लागते. डांबरगोळ्या कापडाला लागू देऊ नका. कडुनिंबाचा पाला वाळवून पुरचुंडीत ठेवा. आणि ऊन दाखवायचं म्हणून रंगीत रेशीम गच्चीवर पसरू नका, सावलीतला वारा पुरे.

कागदाचं कोडं अनेकांना पडतं. दोनशे वर्षांचं मोडी पत्र धड असतं आणि १९३०च्या मार्शल लॉच्या दिवसांतलं वर्तमानपत्र हातात चुरतं. मोडी पत्राचा कागद चिंध्यांच्या लगद्याचा, हाताने केलेला. वर्तमानपत्राचा लाकडाच्या लगद्याचा, त्यात आम्ल असतं. त्या वर्षी या शहराने जे सोसलं आणि १२ जानेवारी १९३१ रोजी चार हुतात्मे दिले, त्याची कागदपत्रं अजून कुणाच्या घरी असतील, तर त्यांचे आधी फोटो काढा. चिकटपट्टी लावू नका, तिचा डाग निघत नाही. लॅमिनेशन तर मुळीच नको. ते मागाहून काढता येत नाही.

तांब्या-पितळेच्या भांड्यांना दर सणाला चिंच आणि राख लावून लखलखीत करण्याची हौस आवरा. प्रत्येक घासणीत थोडा धातू जातो, आणि सगळ्यात आधी झिजतं ते कोरलेलं नाव. देवघरातल्या टाकांना हा नियम लागू नाही. ते पूजेसाठी आहेत, पूजेत झिजणं हेच त्यांचं आयुष्य. त्यांना कपाटात बंद करा असं मी सांगणार नाही. फोटो काढा, वहीत लिहा आणि पूजा चालू ठेवा.

शेवटी सोलापूरच्या स्वतःच्या ठेव्याविषयी. १८७७ साली इथे ‘जुनी मिल’ ही कापडगिरणी सुरू झाली. पुढे तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हातमाग, यंत्रमाग घराघरांत नेले. सोलापुरी चादरीची नक्षी जकार्डच्या छिद्रांच्या पुठ्ठ्यांवर असते. दोऱ्याने ओवलेल्या त्या पुठ्ठ्यांच्या माळेत कुठे छिद्र आहे आणि कुठे नाही, त्यावर ताण्याचा कोणता धागा उचलला जाणार हे ठरतं. मोर, फुलं, वेली सगळं त्या छिद्रांत आहे. आता नक्षी संगणकावर करता येते, आणि जुने पुठ्ठे किलोच्या भावाने रद्दीत जातात. सोबत आलेखाच्या कागदावर रंगवलेले मूळ नमुने जातात, कोपऱ्यात मराठीत किंवा तेलुगूत लिहिलेली नावं जातात. जिच्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे त्या नगरीत हे होऊ नये.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी किंवा कारखान्यात असे पुठ्ठे, नमुने, मिलची हजेरीपत्रकं असतील, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी घरातल्या सगळ्यात वयस्कर विणकराला शेजारी बसवा. नक्षी कुणाची, कोणत्या मागावर चढली, तिला काय म्हणत, हे विचारून लिहून घ्या, आणि एक संच तरी एखाद्या वाचनालयाला किंवा विद्यापीठाला नोंदीसह द्या.