वास्तू मिळाली, पुढे काय?

(संस्थेच्या सभेत केलेल्या भाषणाचा सारांश)



स्मारकाची मागणी आली की आपण सारे एकदिलाने उभे राहतो. वास्तू ताब्यात आली की पेढे वाटतो. परंतु त्या वास्तूत रोज काय चालणार, हा प्रश्न मागे पडतो. आज आम्ही त्याच प्रश्नावर बोलणार आहोत.

लंडनमधील १०, किंग हेन्रीज रोड या घरात बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले होते. सिडनेहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठवला, राजर्षी शाहू महाराजांनी व मित्र नवल भथेना यांनी हात दिला आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी. व १९२३ मध्ये डी.एस्सी. या पदव्या त्यांनी मिळवल्या. हे घर म्हणजे एका विद्यार्थ्याचे बिऱ्हाड होते, हे आपण विसरता कामा नये.

हे घर विक्रीस निघाले तेव्हा ब्रिटनमधील आंबेडकरी व बौद्ध संघटनांच्या फेडरेशनने महाराष्ट्र शासनाला ते घेण्याचा आग्रह केला. शासनाने तीस लाख पौंडांहून अधिक रक्कम मोजून २०१५ मध्ये ते विकत घेतले. १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते उद्घाटन झाले. पण राहत्या घराचे संग्रहालय करण्यास कॅम्डेन कौन्सिलची परवानगी लागते, आणि ती २०१८ मध्ये नाकारली गेली. कौन्सिलचे म्हणणे असे की, राहण्याची जागा कमी होते. काही शेजाऱ्यांनी गर्दीची व आवाजाची तक्रार केली. २०१९ मध्ये जाहीर चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश मंत्र्यांनी संग्रहालयाच्या बाजूने निकाल दिला.

या निकालाचा आनंद आपल्याला आहेच. परंतु कौन्सिलचा मुद्दा थट्टेवारी नेण्यासारखा नाही. स्मारकासाठी राहती जागा जाते, तेव्हा बाहेर कोण पडतो, हे विचारणे रास्तच आहे.

तोच प्रश्न आपल्या मुंबईत, परळच्या बी.आय.टी. चाळीत उभा आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या या चाळी पुढे महानगरपालिकेकडे आल्या. येथील दुसऱ्या मजल्यावरच्या ५० व ५१ क्रमांकाच्या खोल्यांत बाबासाहेब १९१२ ते १९३४ अशी सुमारे २२ वर्षे राहिले. डिसेंबर २०१९ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी चाळीला भेट दिली व स्मारकाची घोषणा झाली.

लंडनचे घर रिकामे मिळाले. चाळ ही पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेल्या श्रमिक कुटुंबांची आहे. म्हणून आमचे म्हणणे असे की, स्मारकाचा आराखडा रहिवाशांना समोर बसवून व्हावा. ज्यांना जागा सोडावी लागेल त्यांना त्याच परिसरात हक्काचे घर आधी द्यावे, मगच कुलूप काढावे. बाबासाहेबांच्या नावावर एकाही गरिबाचे बिऱ्हाड रस्त्यावर येता कामा नये.

दुसरे असे की, त्या खोल्या जशा होत्या तशाच राखाव्यात. त्यांना संगमरवर लावला तर दहा बाय दहाच्या जागेत जगणे म्हणजे काय, हे उद्याच्या पोरांना कसे कळणार? आणि तिसरे, लागूनच रात्री उशिरापर्यंत उघडी राहणारी अभ्यासिका असावी. ज्या मुलामुलींना घरात पाय पसरायला जागा नाही, त्यांना तेथे दिवा, टेबल आणि पुस्तक मिळावे.

हार वर्षातून दोनदा, १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला घातला जातो. उरलेले दिवस विद्यार्थ्यांचे आहेत. लंडन असो वा परळ, ज्या वास्तूत बाबासाहेबांनी दिवा जाळून वाचले, त्या वास्तूत वाचणारे बसले पाहिजेत. सभासदांनी आपापल्या शाखेत असा ठराव करून शासनाकडे पाठवावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

जयभीम! नमो बुद्धाय!