श्रमणाऱ्याच्या देहाचे मोल

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



संमेलनात आपण धंद्यातील उत्कर्षाच्या वार्ता आनंदाने ऐकतो. आज आम्ही त्या उत्कर्षासाठी राबणाऱ्या देहांकडे आपले लक्ष वेधू इच्छितो.

१९४५ साली तलासरी-डहाणूच्या मुलखात वारली बंधू वेठीविरुद्ध उभे राहिले. श्यामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्याने श्रमाला दाम द्यावाच लागतो, हे या भूमीला शिकविले. परंतु श्रमणाऱ्याच्या जिवाची जोखीम कोणी वाहावयाची, हा प्रश्न अद्याप उरला आहे.

डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते फळ उतरविणारा मजूर उंच फांदीवर तोल सावरीत उभा असतो. पावसाळ्यात फांदी निसरडी होते. एकदा पाय घसरला आणि कणा मोडला, की सारे कुटुंब उघड्यावर पडते. फवारणीचा धोका तर डोळ्यांना दिसतही नाही. उंच झाडावर मारलेले औषध तुषाररूपाने मारणाऱ्याच्याच अंगावर उतरते आणि घामाने भिजलेल्या कातडीतून शरीरात शिरते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर प्राणांस मुकले. तेथेही पीक उंच वाढले होते, हे आपण ध्यानी घ्यावे. डहाणूच्या रबरी फुग्यांच्या धंद्यात रबराचा चीक टिकविण्यासाठी अमोनिया वापरतात; कोंदट जागेत त्याची वाफ डोळे व घसा जाळते.

कायदा या कामी अपुरा पडतो. १९४८ च्या कारखाना कायद्याची कक्षा वाडीपर्यंत नव्हती. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या सुरक्षा संहितेचा भरही मुख्यतः दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापनांवर आहे. चार-पाच माणसांच्या वाडीत मालकाची सद्सद्विवेकबुद्धी हाच खरा निरीक्षक होय.

म्हणून आमची विनंती अशी : ओल्या झाडावर कोणास चढवू नये. लाल त्रिकोणाचे औषध अतिजहाल असते. शक्यतो ते टाळावे. फवारणाऱ्यास हातमोजे, मुखपट्टी व अंगभर कपडे मालकाने स्वखर्चाने द्यावेत. ते कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत, कारण धुणाऱ्या माउलीच्या हातांनाही विष लागते. रिकाम्या बाटलीत पाणी वा तेल कदापि भरू नये. घाम व लाळ सुटून बाहुली बारीक झाली, श्वास कोंडला, तर मजुरास त्वरित रुग्णालयात न्यावे आणि औषधाचा डबा सोबत न्यावा. त्यावरून डॉक्टरांस उतारा ठरविता येतो. झाडावरून पडलेल्यास झोळीत न घालता सपाट फळीवर न्यावे.

यास फार द्रव्य लागत नाही. वाडीच्या हिशेबवहीत खताचा व पाण्याचा खर्च मांडतो, तेथेच या साहित्याचीही एक ओळ असावी. ज्याच्या हातून आपल्या घरी लक्ष्मी येते, तो संध्याकाळी धडधाकट आपल्या घरी परतावा, एवढी व्यवस्था करणे हा आपला धर्म आहे.