भिंत काळी, दोष आपला?

(भाडेकरूंच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



भिंत काळी पडली की घरमालक भिंतीकडे बघत नाही. आधी आपल्याकडे बघतो. किती माणसं राहता? कपडे आत वाळत घालता का? बोंबील भाजता का? म्हणजे पाइप गळतो त्याचा, आणि घाणेरडे आपण! ही भाषा आपल्या ओळखीची आहे. फक्त आता ती भाडेपावतीच्या मागून येते.

मी वॉटरप्रूफिंगच्या कामावर गिलावे फोडतो. तेव्हा पोथीतलं नाही, भिंतीतलं सांगतो. बुरशीला माणसाच्या सवयी कळत नाहीत, तिला पाणी कळतं. तिचे सूक्ष्म कण हवेत सगळीकडं असतात, मलबार हिलवरही. ओल मिळाली की रुजतात. भिजलेली जागा एकदोन दिवसांत वाळवली तर सहसा धरत नाहीत.

म्हणून तपासणी म्हणजे पाण्याचा माग काढणं. प्रयोगशाळा कशाला? डाग दिसतोय, कुबट वास येतोय, एवढं पुरे. डाग पावसातच वाढतो? मग बाहेरची भेग नाहीतर गच्ची. बारमाही आहे? मग वरची मोरी, संडास, पाइप बघा. तरी कळेना, तर भिंत पुसून प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटवा आणि एक दिवस राहू द्या. भिंतीकडच्या बाजूला पाणी जमलं तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला घाम सुटला तर वाफ कोंडलीय. आणि वाफ कोंडते कारण खोलीला धड खिडकी नाही. ती काय आपण बुजवली?

मालक काय करतो, डिस्टेंपरचा हात मारतो. पुढच्या पावसाळ्यात रंगाचे पोपडे आणि काळं परत हजर. आधी गळती बंद झाली पाहिजे. मग फुगलेला गिलावा विटेपर्यंत फोडायचा, भिंत पुरती वाळू द्यायची, नवा गिलावा त्यानंतर. सडलेलं प्लायवूड, भिजून काळी पडलेली गादी फेकायचीच. फरशी साबणाच्या पाण्यानं घासा, नाकातोंडावर मास्क बांधा, पोरं नि दमेकरी तेवढा वेळ बाहेर. ब्लीच आणि संडासाचं अ‍ॅसिड कधी एकत्र करू नका, विषारी वायू सुटतो.

इंग्लंडातल्या रॉचडेलची गोष्ट सांगतो, कारण ती परकी वाटत नाही. अवाब इशाक, सुदानहून आलेल्या कुटुंबातलं दोन वर्षांचं पोरगं. घर भाड्याचं, हाउसिंग संस्थेचं. बापानं २०१७ मध्येच बुरशीची तक्रार केली. उत्तर मिळालं, वरून रंग मारा. डिसेंबर २०२० मध्ये पोरगं गेलं. २०२२ मध्ये चौकशीत निघालं की घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्यानं श्वसनाचा विकार झाला, त्यानं मेलं. संस्थेनं कबूलही केलं की या कुटुंबाच्या राहणीबद्दल आपण गृहीत धरून चाललो. बघा, तिथंही तेच! त्या पोराच्या नावानं कायदा झाला. ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या सामाजिक घरमालकांना घातक ओलीची तपासणी १० कामाच्या दिवसांत करावी लागते, आणीबाणी असेल तर २४ तासांत हालचाल.

आपल्याकडं असं घड्याळ लावलेलं नाही. पण हात अगदीच रिकामे नाहीत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १४. करारात उलट काही लिहिलेलं नसेल तर घर राहण्याजोगं दुरुस्त ठेवणं मालकावर बंधनकारक. किमान १५ दिवसांची नोटीस द्या. त्यानंतरही वाजवी वेळात हलला नाही, तर दुरुस्ती स्वतः करा आणि खर्च भाड्यातून कापा. वर्षाला भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच, हे ध्यानात ठेवा. नोटीस एकट्यानं देण्यापेक्षा अख्ख्या मजल्यानं दिलेली बरी. कायद्यात तीही सोय आहे. सोबत तारखेसह फोटो, गवंड्याचं बिल, पोस्टाची पावती जपा.

लिव्ह अँड लायसन्सवाले मात्र या कलमातले भाडेकरू नव्हेत. त्यांनी सही करण्याआधी गळतीची दुरुस्ती कोण करणार हे करारात लिहून घ्यायचं. आणि खोली बघायला जाल तेव्हा कपाट सरकवून मागची भिंत बघा. ताजा रंग एकाच कोपऱ्याला असेल, तर तिथं बोट दाबून बघा.