वर्दीतला फलंदाज

भूम-परांड्यापासून तुळजापूर-उमरग्यापर्यंत, आपल्या धाराशिव जिल्ह्यात पहाटे रस्त्यावर भरतीची तयारी करणारी मुलं दिसतात. शाळेत खो-खो, कबड्डी गाजवलेली मुलंही त्यांत असतात. फौज आणि खेळ या दोन्हींची ओढ असलेल्या एका खेळाडूची आज ओळख करून घेऊ: लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारी.

जन्म पुण्याचा, 1919 चा. सतराव्या वर्षी ते गुजरातकडून प्रथम श्रेणीचं क्रिकेट खेळू लागले, पुढे बडोद्याकडून. ऐन उमेदीत दुसरं महायुद्ध पेटलं. 1936 च्या ऑगस्टपासून 1946 च्या जूनपर्यंत भारत एकही कसोटी खेळला नाही. लष्करात गेलेल्या हेमू अधिकाऱ्यांना पहिली कसोटी मिळाली ती 1947 च्या अखेरीस, ऑस्ट्रेलियात. तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते.

अमेरिकेत बेसबॉलपटू टेड विल्यम्सचंही तेच झालं. 1943 ते 1945 हे तीन हंगाम महायुद्धात गेले, पुढे कोरियाच्या युद्धातही त्याला वैमानिक म्हणून जावं लागलं. तरीही त्याने 521 होमरन मारले.

अधिकाऱ्यांची जिद्द पाहायची तर 1952 ची दिल्ली कसोटी आठवावी. पाकिस्तानविरुद्धची ती पहिलीच कसोटी. भारत 9 बाद 263. शेवटचा गडी गुलाम अहमद मैदानात आले. अधिकाऱ्यांनी एक बाजू लावून धरली, दोघांनी 109 धावा जोडल्या. अधिकारी नाबाद 81. भारत डावाने जिंकला.

त्यांच्या नावावर कसोट्या फक्त 21. पण हा आकडा वाचताना युद्धात गेलेली वर्षंही मोजली पाहिजेत. फौजेत मुरलेली शिस्त मात्र वाया गेली नाही. 1971 मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने इंग्लंडमध्ये पहिल्यांदा मालिका जिंकली, तेव्हा व्यवस्थापक हेमू अधिकारीच होते. क्षेत्ररक्षणाचा सराव ते खेळाडूंकडून कसून करून घेत.

तुमच्या गावातही निवृत्त फौजी असतील. त्यांतल्या कुणी ऐन वयात खेळ सोडून बंदूक हाती घेतली असेल. त्यांना मानाने मैदानावर बोलवा, शाळेतल्या पोरांना त्यांच्या हाताखाली द्या.